इथे कुठे पाऊस आहे?

जून संपत आला की चंडीगडमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो: मोरनीला कधी जायचं? वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे पडलेले तिथल्या डोंगरातले ओढे पहिल्या दमदार पावसानंतर वाहू लागतात, कड्यांवरून धारा सुटतात, आणि सह्याद्रीच्या आठवणी काढत आम्ही डबे बांधून निघतो. मीही जाते. जाऊ नका असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण दर वर्षी कुठल्यातरी धबधब्याच्या काठी कुणीतरी मान वर करून आभाळाकडे बघतं आणि म्हणतं, "इथे कुठे पाऊस आहे? चला पाण्यात!" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. इतक्या वर्षांनी, खरं सांगायचं तर, रागही येतो.

तुमच्या पायाशी वाहणारं पाणी तुमच्या डोक्यावरच्या आभाळातून पडलेलं नसतं. ते वरच्या सगळ्या उतारांवरून, घळींतून, कपारींतून गोळा होऊन आलेलं असतं. हा वरचा सगळा प्रदेश म्हणजे त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र, आणि धबधबा हे त्याचं तोंड. तोंडापाशी ऊन असलं म्हणून डोंगराच्या पलीकडे ऊन असेलच असं नाही. पावसाळी ढग एका डोंगरावर धो धो कोसळतो आणि दोन डोंगर सोडून पाखरं किलबिलत असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी पाण्याशी आल्यावर विसरतो.

हिशोब करून बघा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होतं. ओढा लहानसाच धरू, पाणलोट पाच चौरस किलोमीटरचा. तिथे तासाभरात 40 मिलिमीटर पडला, तर 20 कोटी लिटर. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं समजा. उरलेलं 10 कोटी लिटर तासाभरात खाली आलं, तर दर सेकंदाला साधारण 28 हजार लिटर, म्हणजे 28 टन पाणी, तुम्ही फोटोसाठी उभे आहात त्या खडकावरून जाणार. आणि हे पाणी एकसारखं वाढत येत नाही. वाटेत अडकलेली लाकडं, पालापाचोळा, माती यांचा बांध फुटला की लोंढाच येतो.

25 जून 2023 ला पंचकुलात खडक मंगोलीजवळ घग्गर नदीच्या पात्रालगत उभी केलेली एक गाडी आतल्या महिलेसकट अशाच लोंढ्यात सापडली. स्थानिक लोकांनी दोर लावून तिला बाहेर काढलं. तो व्हिडिओ देशभर फिरला. घग्गर उगम पावते हिमाचलमध्ये, दगशाईच्या बाजूला. सोलनकडच्या डोंगरात पडलेल्या पावसाची वर्दी पंचकुलातल्या आभाळाने द्यावी अशी अपेक्षा आपण का करतो?

पाऊस नसतानाही पाणी येतं. 8 जून 2014 ला हिमाचलच्या मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक जण वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं होतं. किनाऱ्यावरून घेतलेल्या चित्रफितीत मुलं खडकावर एकमेकांना धरून उभी दिसतात.

महाराष्ट्रात "इथे कुठे पाऊस आहे" या गैरसमजाला घाटमाथ्याची जोड मिळते. भिऱ्याजवळच्या देवकुंडाला जाणारा माणूस कोकणात, तळाशी असतो आणि पाऊस वर ताम्हिणीच्या अंगाला कोसळत असतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धबधब्यांवर बंदीचे आदेश काढले, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मला मात्र भुशीच्या चित्रफितीत पाणी किती थोड्या वेळात चढलं तेच आठवत राहिलं.

म्हणून निघण्याआधी फोनवर चंडीगडचं हवामान बघून उपयोग नाही. मोरनीकडे जात असाल तर सिरमौर आणि सोलन जिल्ह्यांचा अंदाज बघा. हवामान खाते पुढच्या तीन तासांचे जिल्हावार इशारे देते, ते निघताना वाचा आणि रेंज आहे तोवर वाटेतही वाचा. एकदा ओढ्यात उतरलात की रेंज जाते. मग उरतात डोळे, कान आणि नाक. पोचल्या पोचल्या मी पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेवते, निम्मा बुडालेला, आणि दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे बघते. दगड बुडू लागला, नितळ पाणी चहासारखं दिसू लागलं, काटक्या आणि वाळकी पानं तरंगत येऊ लागली, ओल्या मातीचा वास वाढला किंवा पाण्याचा आवाज जड झाला, तर सामान तिथेच टाकून काठावर चढायचं. बाजूला आणि वर. ओढ्यातून खाली पळायचं नाही, पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं.

मोरनीच्या खालच्या अंगाला एकदा आम्ही सहा जण असेच ओढा ओलांडून पलीकडच्या काठाला कड्याखाली बसलो होतो. लख्ख ऊन होतं. पात्रातल्याच एका सपाट शिळेवर आम्ही डबे मांडले होते. गुरं चारणाऱ्या एका बाबाजींनी वरूनच हाक मारली, "उठो बेटा, चो चढ़ने वाला है." त्यांनी काय ऐकलं होतं ते मला आजही ठाऊक नाही. आम्ही डबे उचलून काठावर चढलो, आणि चार-पाच मिनिटांत तपकिरी पाणी शिळेच्या बाजूंनी आलं, मग शिळेवरून. आमच्यातला एक जण तेव्हाही म्हणत होता, "पण पाऊस कुठे आहे?"

चो हा शब्द इथे राहणाऱ्या मराठी माणसाने शिकून घ्यायलाच हवा. इथल्या शिवालिक डोंगररांगेतला हंगामी ओढा म्हणजे चो. "आम्ही हरिश्चंद्रगड केलाय, ही टेकाडं काय चीज आहेत" हा आपल्या लोकांचा दुसरा लाडका गैरसमज, आणि त्याचं उत्तर या शब्दात आहे. सह्याद्री बसाल्टचा आहे, लाव्हाच्या थरांवर थर चढलेला कठीण कातळ. तिथे शेवाळावरून पाय घसरतो, पण पायाखालचा कातळ सहसा जागचा हलत नाही. शिवालिक म्हणजे हिमालयातून वाहून आलेली वाळू, चिकणमाती आणि गोटे यांचा कच्चा, तरुण डोंगर. हाताने धरलेला आधार हातात येतो. पावसात उतार सुटतात आणि पाणी माती-दगडांसकट खाली येतं. पायथ्याला हेच ओढे रुंद, सपाट, वाळूचे होतात. कोरड्या दिवसांत ते पात्र वाटतच नाही, मोकळं मैदान किंवा कच्चा रस्ता वाटतो. इंग्रज सरकारला 1900 साली पंजाबात या चोंच्या नावाने कायदा करावा लागला, इतकी शेतं ते गिळत होते. सुखना तलावही 1958 साली एका चोला बांध घालूनच झाला, आणि त्याच्या गाळाचं दुखणं शहराने अनेक वर्षं काढलं. 11 ऑगस्ट 2024 ला होशियारपूर जिल्ह्यात जैजोंजवळ चो ओलांडताना लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाची गाडी वाहून गेली, किमान नऊ जण गेले.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"गुडघाभर तर पाणी आहे." अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचं सांगणं असं की वेगात वाहणारं 15 सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं आणि 30 सेंटिमीटर पाणी लहान गाडी वाहून नेतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

"मला पोहता येतं." धबधब्याखालच्या पांढऱ्या फेसात अर्धी हवा असते, ती अंगाला उचलून धरत नाही, आणि पडणारी धार माणसाला पुन्हा पुन्हा तळाशी ओढते.

"ढगफुटी झाली तरच धोका." ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटरच्या वर पाऊस. वरच्या हिशोबात मी 40 च धरले होते.

"गेल्या वर्षी इथूनच उडी मारली होती." त्यानंतर एक अख्खा पावसाळा त्या कुंडात दगड टाकून गेला आहे.

"झऱ्याचं पाणी शुद्ध असतं." वर गुरं चरतात, वस्त्या आहेत. पावसाळ्यात तेच पाणी कावीळ आणि लेप्टो घेऊन खाली येतं.

"अडकलो तर हात धरून साखळी करू आणि पलीकडे जाऊ." हा सगळ्यांत घातक. एकाचा पाय सुटला की साखळी सगळ्यांना घेऊन जाते. लहान पाणलोटाचा ओढा चढतो तितक्या लवकर उतरत नाही, पण वरचा पाऊस थांबला की बहुतेकदा काही तासांत उतरतो. उंचावर बसायचं, रेंज असेल तर 112 ला फोन करायचा आणि थांबायचं. घरी उशीर होईल, लोक ओरडतील, ओरडू द्यावं.

बाबाजींनी हाक मारली त्या दिवशी आम्हीही थांबलो. पात्र ओलांडल्याशिवाय गाडीपर्यंत जाता येत नव्हतं. दीडला चढलेलं पाणी पाचच्या सुमारास घोट्यापर्यंत आलं आणि निवळू लागलं. बाबाजी पुढे, काठीने तळ चाचपत, आणि त्यांच्या मागे एकेक करून आम्ही पलीकडे गेलो. डबे मांडले होते ती शिळा मी शोधली. ती जागेवर नव्हती. तिथे गुडघाभर ओली वाळू होती, आणि वाळूत उभं रुतलेलं एक अख्खं शिरीषाचं झाड, मुळं वर.