थोड्या भांडवलात मेणबत्तीची सामग्री

पनवेल हे मूळचे तेलाच्या दिव्यांचे गाव. पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात तेलाचे घाणे चालविणाऱ्या बेने इस्रायल समाजास, शनिवारी काम न करण्याच्या त्यांच्या रीतीवरून, ‘शनवार तेली’ असे नाव पडले होते. आणि या समाजाचे १८४९ साली बांधलेले बेथ एल हे प्रार्थनामंदिर पनवेलमध्ये आजही उभे आहे. समईत तेल आणि तेलात कापसाची वात, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भागले. अशा या गावात आता दिवाळीच्या दोन महिने आधी बचत गटांतून आणि घराघरांतून निराळाच प्रश्न निघतो : घरी मेणबत्त्या करून विकाव्यात असे मनात आहे, पदरी दोन हजार रुपये आहेत, तेव्हा सामान काय काय आणावे?

प्रश्न साधा दिसतो, पण पुष्कळांचे भांडवल बुडते ते याच ठिकाणी. बाजारात गेलेली गृहिणी गुलाबाच्या आकाराचे साचे पाहते, बाटल्यांतील सुगंध हुंगते, रंगाच्या पुड्या घेते, आणि घरी येऊन पाहते तो पिशवीत मेण म्हणून दोन किलोदेखील नाही! मेण संपते, उरलेल्या सुगंधाची कोणी मेणबत्ती होत नाही, आणि दुसऱ्या खेपेस जाण्यास पैसा शिल्लक नसतो. धंदा गिऱ्हाइकावाचून बसला असे मग म्हणतात. वस्तुतः तो खरेदीच्या दिवशीच बसलेला असतो.

यास्तव आधी अंकगणित करावे. दोन सेंटीमीटर जाडीची आणि पंधरा सेंटीमीटर उंचीची साधी गोल मेणबत्ती घेतली, तर तिचे आकारमान सुमारे ४७ घन सेंटीमीटर भरते. पॅराफीन मेण पाण्याहून थोडे हलके असल्याने एका मेणबत्तीस सुमारे ४२ ग्रॅम मेण लागते. म्हणजे एका किलोत २३ मेणबत्त्या होतात. प्रत्येकीस बांधण्यापुरती जादा धरून अठरा सेंटीमीटर वात दिली, तरी किलोभर मेणास जेमतेम सव्वाचार मीटर वात पुरते. हे दोन आकडे ज्याने ध्यानात ठेवले, त्यास दुकानदार काहीही सांगो, आपणांस किती जिन्नस हवा आहे हे ठाऊक असते.

आता पैशाची वाटणी. मेणाचा भाव खनिज तेलाच्या भावाबरोबर वरखाली होत असल्यामुळे रुपयांचे ठराविक आकडे देण्यात अर्थ नाही. जुन्या आण्यांच्या हिशेबाने प्रमाण सांगणे बरे. रुपयातील आठ आणे मेणाला द्यावेत. एक आणा वातीला, एक आणा स्टिअरिक आम्लाला, दोन आणे साच्याला, एक आणा रंग आणि वेष्टन मिळून. झाले तेरा आणे. उरलेले तीन आणे खर्चच करू नयेत. सुगंधाला या पहिल्या वाटणीत जागा नाही. हे पुष्कळांना रुक्ष वाटेल, पण तसेच ठेवणे श्रेयस्कर.

पॅराफीन हे खनिज तेलापासून निघते. आपल्याकडे आसामातील दिग्बोईचे मेण फार जुने व नावाजलेले. त्याच प्रांती नुमालीगड येथे मेणाचा मोठा कारखाना २०१६ साली राष्ट्रास अर्पण झाला. बाजारात ते पांढऱ्या लाद्यांच्या रूपाने येते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते किती उष्णतेस वितळते. मेणबत्तीसाठी ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे मेण मागावे. याहून पुष्कळ नरम मेण स्वस्त पडते खरे, पण पनवेलच्या वैशाखात पत्र्याखाली ठेवलेल्या त्याच्या मेणबत्त्या नमस्कार करू लागतात. दुसरी गोष्ट तेलाचा अंश. नीट शुद्ध न केलेल्या मेणात तेल राहते. ते पिवळसर दिसते, हाताला ओशट लागते व जळताना वास मारते. याची परीक्षा घरीच होते. मेणाचा खडा टीपकागदात गुंडाळून रात्रभर ठेवावा. सकाळी कागदावर तेलाचा डाग उमटला तर त्या दुकानी पुन्हा जाऊ नये. परीक्षेसाठी आधी पाव किलो आणणे हा खर्च नव्हे, विमा होय. मधमाश्यांचे मेण सुंदर जळते यात शंका नाही, पण त्याची किंमत पाहता थोड्या भांडवलाच्या माणसाने त्याचा लोभ तूर्त धरू नये.

स्टिअरिक आम्ल हे नाव ऐकून भिण्याचे कारण नाही. चरबीतून किंवा वनस्पती तेलांतून निघणारा तो पांढरा, भुरभुरीत पदार्थ आहे. मेणाच्या शंभर भागांस पाच ते दहा भाग तो घातला, की मेणबत्ती कडक होते, तिला दुधी पांढरेपणा येतो आणि ती साच्यातून सहज सुटते. दहा किलो मेणास अर्धा किलोपासून प्रारंभ करावा.

आता वातीकडे वळू. तिला एकच आणा दिला असला, तरी मेणबत्तीचा प्राण तीच आहे. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०–६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर केवळ मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्याने दिली. त्यांत त्याने दाखवून दिले की, घन मेण जळत नाही, वितळलेलेही जळत नाही. वितळलेले मेण वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणजे वात ही केवळ दोरी नसून मेण वर नेणारा पोहरा आहे. पोहरा लहान असेल तर वितळलेले मेण साचून ज्योत बुडते. मोठा असेल तर मेण प्रमाणाबाहेर वर येऊन ज्योत नाचते आणि काजळी धरते. भिंतीवर काळा पट्टा उमटविणारी मेणबत्ती गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही, मग तिचा रंग कितीही मोहक असो.

समईची पिळलेली वात येथे उपयोगी पडत नाही, ही गोष्ट आपल्या घरांतून मुद्दाम सांगावी लागते. पूर्वी युरोपातही पिळाच्याच वाती असत आणि त्यांची जळकी टोके वरचेवर कात्रीने छाटावी लागत. १८२५ साली कांबासेरेस या फ्रेंच माणसाने वेणीसारखी गुंफलेली वात काढली. तिचे टोक जळताना बाजूस वाकते, ज्योतीच्या कडेस येते आणि तेथील हवेत पूर्ण जळून जाते. एवढ्याशा युक्तीने कात्री कायमची सुटली. तेव्हा वात घेताना ती वेणीची आहे ना, हे बोटांत धरून पाहावे. सुती वेणीची दोरी घरी असेल तर पेलाभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे टाकणखार व एक चमचा मीठ विरघळवून तीत ती रात्रभर भिजत घालावी, पूर्ण वाळवावी आणि मग वितळलेल्या मेणात बुडवून सरळ ताणून ठेवावी. बाजारातून आणायची झाल्यास एकाच जाडीचे मोठे रीळ घेऊ नये. तीन निरनिराळ्या जाडीच्या वाती थोड्या थोड्या आणून प्रत्येकीची एक मेणबत्ती करावी, आणि घड्याळ समोर ठेवून तिन्ही शेवटपर्यंत जाळाव्यात. या तीन मेणबत्त्या विकल्या जाणार नाहीत म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. परंतु पुढील सर्व खरेदीचा निर्णय या तीन ज्योतींनीच होतो.

साच्यासंबंधी फार बोलण्याचे कारण नाही. दोन पाखांचा ॲल्युमिनियमचा साचा, ज्यात वात ताणून बांधता येते आणि जो गार पाण्यात ठेवून निववता येतो, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. दोन आण्यांत मोठा साचा बसणार नाही हे खरे. मग लहान घ्यावा, किंवा गटातील चौघींनी मिळून एक मोठा घ्यावा आणि वार वाटून घ्यावेत. पणतीत मेण ओतण्याची रीत अलीकडे आवडीची झाली आहे; मात्र कच्ची भाजलेली पणती मेण शोषते व खालचा टेबलपोस खराब करते, म्हणून चांगली भाजलेलीच घ्यावी आणि खाली ताटली ठेवण्याची सूचना गिऱ्हाइकास द्यावी. नारळाची करवंटी कोकणात फुकट मिळते हे तिचे आकर्षण, आणि ती पेट घेते हा तिचा दोष. या दोहोंत दोषाचे पारडे जड आहे.

रंग घ्यावयाचा तो मेणात विरघळणाराच घ्यावा. खाण्याचे रंग पाण्यात विरघळतात, मेणात नव्हे. मुलांचे मेणाचे खडू घातले तर त्यांतील भुकटी वातीची वाट बुजविते. सुगंध हा तर जिन्नसच महाग, आणि त्याचे प्रमाण चुकले की तेल वर तरंगते. साध्या मेणबत्त्यांचा एक हप्ता विकून झाल्यावर, त्यातील नफ्यातून एक लहान बाटली आणावी.

राखून ठेवलेल्या तीन आण्यांचे काय? याचे उत्तर महाबळेश्वरी सापडते. भावेश भाटिया यांची दृष्टी ऐन तारुण्यात गेली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत ते मेणबत्तीचे काम शिकले. रात्री मेणबत्त्या करायच्या आणि दिवसा महाबळेश्वरच्या बाजारात, पन्नास रुपये रोजाने घेतलेल्या हातगाडीवर, विकायच्या, असा त्यांचा प्रारंभ होता. दिवसाच्या विक्रीतून पंचवीस रुपये ते दुसऱ्या दिवशीच्या सामानासाठी बाजूस काढीत. विक्री कमी होवो, अधिक होवो, हे पंचवीस रुपये घरखर्चास लागत नसत. पुढे अंधांसाठीच्या योजनेतून पंधरा हजारांचे कर्ज मिळाले, तेव्हा त्यातून प्रथम आले ते पंधरा किलो मेण, दोन साचे आणि एक हातगाडी. ‘सनराइज कँडल्स’ हा त्यांचा उद्योग पुढे मोठा झाला आणि दृष्टिहीन कारागिरांना त्याने काम दिले. परंतु थोड्या भांडवलाच्या माणसाने त्यातील पाहण्यासारखा भाग म्हणजे ते पंचवीस रुपये.

घाऊक भाव स्वस्त पडतो म्हणून एकदम पन्नास किलोचे पोते घ्यावे की काय, हा मोह येथेच तपासावा. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी हार्बर गाडी शेवटच्या स्थानकाअगोदर मशीद येथे थांबते, आणि तेथून वडगादीची रंग-रसायनांची जुनी पेठ पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एका फेरीस सबंध सकाळ जाते, हे मान्य केले पाहिजे. गाडीभाडे व चहापाणी किलोंवर वाटून पाहावे. दोन किलोंसाठी केलेली फेरी किलोमागे महाग पडते. दहा किलोंसाठी केलेली पडत नाही. आणि पन्नास किलोंसाठी केलेली फेरी स्वस्त दिसली, तरी ते मेण चार महिने कोपऱ्यात पडून राहते, त्यात अडकलेला पैसा राहतो आणि वात संपली तर ती आणण्यास हाती काही नसते. तीन आठवड्यांत विकले जाईल एवढेच आणावे. प्रारंभी ते दहा किलोंच्या पलीकडे जात नाही. दहा किलो म्हणजे सव्वादोनशेहून अधिक मेणबत्त्या, आणि तेवढ्या खपविणे हे काही लहान काम नव्हे.

ते लहान नाही याचे आणखी एक कारण आहे. मेणबत्ती हा जिन्नस पुष्कळ वर्षे लघुउद्योगासाठी राखीव होता. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने ती राखीव यादीच संपविली, तेव्हा लोणची, उदबत्त्या, कुलुपे यांच्याबरोबर मेणबत्तीही मोकळी झाली. मोठ्या यंत्रावर निघालेल्या पांढऱ्या मेणबत्तीशी भावाच्या बाबतीत घरच्या साच्याने स्पर्धा करू नये. शेजारची दिवाळी, नाताळ, वाढदिवस, कोणाच्या घरचे मंगलकार्य, अशा मागणीबरहुकूम केलेल्या आणि काजळी न धरणाऱ्या मेणबत्तीला ओळखीचे गिऱ्हाईक दोन पैसे अधिक देते. किंमत ठरविताना मेण, वात यांच्याबरोबर गॅस, गाडीभाडे आणि स्वतःची मजुरीही धरावी. शेवटची बाब बायका बहुधा सोडून देतात.

कामाच्या वेळी मेणाचे भांडे थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात ते ठेवावे, म्हणजे मेण पाण्याच्या उकळण्याहून अधिक तापत नाही. मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी मुळीच टाकू नये, आच बंद करून झाकण घालावे. तान्ही मुले आणि स्वयंपाकाची घाई या दोन्ही गोष्टी त्या वेळी खोलीबाहेर असाव्यात. मेण निवताना आकसते व वातीभोवती खळगा पडतो. त्यासाठी प्रत्येक ओतणीतले थोडे मेण मागे ठेवून दुसऱ्यांदा भरावे.

उरलेले तुकडे, ओघळ, साच्याच्या कडेचे पापुद्रे यांपैकी काहीही टाकून द्यावयाचे नसते. पांढरे एका डब्यात, रंगीत दुसऱ्यात ठेवावे. रंगीत तुकड्यांतून गडद रंगाच्या मेणबत्त्या निघतात. आषाढ-श्रावणात पनवेलची हवा इतकी दमट होते की उघड्यावर ठेवलेली वात ओल धरते आणि पेटविल्यावर तडतडते. पावसाळ्यापूर्वी आणलेली वात घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवावी. मेणाच्या लाद्या मात्र जमिनीवर, खिडकीच्या उन्हापासून दूर, कागदात गुंडाळून ठेवल्या की पुरे.