डिंडोलीच्या हजेरीपटावरचे ऋतू

सुरत शहराच्या दक्षिण-पूर्व भागातील डिंडोली, नवागाम, लिंबायत आणि उधना या वस्त्यांत धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतून कामधंद्यासाठी आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली असून, तापीच्या खोऱ्यातून खानदेशात जाणाऱ्या लोहमार्गामुळे त्यांचा गावाशी असलेला संबंध कधीच पुरता तुटलेला नाही. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्याही शाळा चालवते. त्यामुळे या कुटुंबांतील मुलांना मराठीतून शिकण्याची सोय मिळते. मात्र शाळेचे वेळापत्रक एका कालगणनेने चालते आणि घरचे व्यवहार दुसऱ्या, ही अडचण माध्यम बदलून सुटत नाही.

खानदेशी घराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कूस बदलते. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, करार त्या दिवशी संपतो आणि नवा ठरतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि अनेक घरी ती मातीच्या चार ढेकळांवर ठेवून, पावसाळ्याचा एकेक महिना मानलेल्या त्या ढेकळांपैकी कोणते किती भिजले यावरून पावसाचा अदमास बांधला जातो. चांद्र तिथी असल्यामुळे हा सण इंग्रजी तारखांत मागेपुढे सरकतो. 2024 मध्ये तो 10 मे रोजी, गुजरातच्या शाळांना उन्हाळी सुटी लागल्यानंतर आला, तर 2025 मध्ये 30 एप्रिल रोजी, सुटी लागण्यापूर्वीच आला. घर तेच, रीत तीच आणि गावी जाणेही तेच. तरीही हजेरीपटावर ते मूल एका वर्षी नियमित ठरते आणि दुसऱ्या वर्षी गैरहजर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते, कारण नारळाची देवी सजवून रात्रभर जागरण होते आणि विसर्जन सोमवारी, म्हणजे शाळेच्या दिवशी, सकाळी असते. त्या सोमवारी वर्गात आलेले मूल पेंगत असेल, चिडचिड करत असेल किंवा मुळात आलेच नसेल, तर त्याला शिस्तीचा प्रश्न म्हणणे म्हणजे रोगाऐवजी लक्षणावर औषध देणे होय.

वर्तन-साहाय्य या नावाने शिक्षणशास्त्रात ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा पाया नेमका हाच आहे. वर्तनाआधी काय घडले, वर्तन कोणते होते आणि त्यातून मुलाला काय मिळाले, या तिन्ही गोष्टी नोंदवून शिक्षा करण्याऐवजी परिस्थिती बदलणे आणि अपेक्षित वागणे शिकवणे, असा तिचा क्रम असतो. भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. परंतु छडी बंद झाल्यावर तिच्या जागी काय आणायचे, हे कलम सांगत नाही, आणि अनेक शाळांत ती जागा अजून रिकामीच आहे.

या रिकाम्या जागेचे एक उत्तर डिंडोलीपासून फार दूर नसलेल्या डहाणू तालुक्यात सापडते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत टिकत नाहीत ही तक्रार त्या काळीही होतीच. परंतु मुले गुरे राखायला जातात हे लक्षात घेऊन या दोघींनी शिक्षिकेलाच चराईच्या रानात पाठवले आणि त्या उपक्रमाला कुरणशाळा हे नाव मिळाले. पाने, बिया, खडे आणि पाखरे हीच तेथील साधने होती, म्हणजे ऋतूबरोबर पाठही बदलत असे. मुलाला सुधारण्याआधी शाळेने आपली वेळ आणि जागा सुधारावी, हा या प्रयोगाचा खरा अर्थ असून, त्याचे कौतुक जितके झाले तितके अनुकरण झाले नाही.

आदिवासी व शेतकरी समाजांच्या ऋतुज्ञानाला अभ्यासाचा विषय मानण्याची वृत्ती आता इतरत्रही दिसते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थच्या परिसरात नूंगार या मूळ रहिवाशांचे सहा ऋतू मानले जातात, आणि ते तारखांपेक्षा फुलोरा, वारा आणि प्राण्यांच्या हालचालींवरून ओळखले जातात. खानदेशी आजीला हे नवे वाटणार नाही. बहावा फुलणे, पावशा ओरडणे, मृगाचा मखमली लाल किडा जमिनीवर दिसणे या खुणा तिच्या वापरातल्या आहेत. शिवाय तिच्याकडे पावसाची नक्षत्रे आहेत. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण 13 ते 14 दिवस असतो, त्यामुळे ही गणना सौर असून मृग दरवर्षी 7 किंवा 8 जूनच्या सुमारासच लागतो. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा, ही नावे मुलांना एकदा ऐकून पाठ होतात. येथे एक भेद मात्र शिक्षकाने राखलाच पाहिजे: नक्षत्रांचा काळ आणि निसर्गातील खुणा हे निरीक्षणातून आलेले ज्ञान आहे, तर नक्षत्राच्या वाहनावरून किंवा घागरीखालच्या ढेकळावरून केलेले भाकीत ही श्रद्धा आहे, आणि ते वर्षभराच्या नोंदींशी ताडून पाहणे हा उत्तम विज्ञानपाठ होऊ शकतो.

गुजरातच्या शाळा जूनमध्ये, मृगाच्या सुमारासच उघडतात आणि त्याच महिन्यात शाळा प्रवेशोत्सव साजरा होतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अशा समितीच्या पहिल्या बैठकीत आखाजी, कानबाई, पोळा यांच्या त्या वर्षीच्या तारखा आणि कारखान्यांतील पाळ्या सूचनाफलकावर लिहिल्या गेल्या, तर चाचणी कोणत्या सोमवारी ठेवू नये हे आपोआप कळेल. त्या फलकावर सुरतेचेही ऋतू हवेत. 14 जानेवारीच्या उत्तरायणाआधीच्या आठवड्यात खिडकीबाहेर पतंग दिसत असताना वर्ग स्थिर बसवण्यापेक्षा वारा, कोन आणि दोराच्या लांबीचे गणित घेणे शहाणपणाचे ठरते. याहून महत्त्वाचा खाडीपूर. मिठी खाडीसारख्या खाड्या भरून वस्तीत पाणी शिरण्याचा अनुभव खानदेशच्या कोरडवाहू गावातून आलेल्या पालकांना वारशाने मिळालेला नसतो. पाणी कोणत्या बाजूने येते आणि कोणता रस्ता आधी बुडतो, हे येथील जुन्या गावठाणातील आणि हळपती या स्थानिक आदिवासी समाजाच्या वस्तीतील माणसांना ठाऊक असते, आणि मराठी शाळेत त्यांना बोलावण्यास कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी नाही.