वाऱ्याच्या वाटेवरचे घर

विश्रांतीसाठी गावाबाहेर घर बांधायचे ठरले की व्यापारी कुटुंबांत पहिली चर्चा खोल्या किती, याची होते. त्या जागेवर वारा कोठून येतो, हे सहसा कोणी विचारत नाही. अहमदाबादच्या शाहीबाग भागातील एका घराची आखणी मात्र याच प्रश्नापासून झाली.

एके काळी कॅलिको मिल चालविणाऱ्या साराभाई या जैन कुटुंबाचे ‘द रिट्रीट’ नावाचे विस्तीर्ण, वृक्षाच्छादित आवार तेथे आहे. त्या आवारात मनोरमा साराभाई यांच्यासाठी ख्यातनाम वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांनी १९५१ ते १९५५ या काळात घर बांधले. समांतर भिंतींच्या रांगा आणि त्यांवर विटांच्या उथळ कमानी, एवढाच त्याचा सांगाडा. या कमानींचे बोगदे प्रचलित वाऱ्याच्या दिशेने ठेवल्यामुळे झुळूक घराच्या आरपार जाते. खोल ओसऱ्यांमुळे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही. कमानींवर माती पसरून हिरवळ व फुलझाडे लावली आहेत. मातीचा थर दुपारची उष्णता सहजी खाली उतरू देत नाही. शिवाय तिच्यातील ओलावा बाष्प होताना उष्णता ओढून घेतो. गच्चीवरून थेट जलतरण तलावात उतरणारी एक घसरगुंडीही आहे. ऊर्जेच्या हिशेबात ती बसत नाही, परंतु घरात मुले होती!

हेच छप्पर लोणावळ्यात किंवा इगतपुरीत जसेच्या तसे उचलणे मात्र शहाणपणाचे नव्हे. अहमदाबादचा उन्हाळा कोरडा. घाटमाथ्यावरचा पाऊस मुसळधार. येथे उतरते कौलारू छप्पर, रुंद वळचणी आणि खोल ओसरी हीच जुनी, अनुभवसिद्ध रचना योग्य ठरते. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूस मोठ्या काचा नकोत. मावळतीच्या काचेतून आलेले ऊन बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्र बसवायचे आणि त्याचे वीजबिल वर्षानुवर्षे भरायचे, हा व्यवहार कोणत्याही पेढीला परवडणारा नाही. दिशा नकाशातच बदलली, तर खर्च जवळजवळ शून्य.

श्रावकाच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न जमिनीचा आहे. बांधकाम म्हणजे आरंभ. त्यात पृथ्वीकायापासून त्रसकायापर्यंत जीवांची विराधना अटळ आहे. ती किती करायची, हे मात्र गृहस्थाच्या हाती असते. डोंगरउतार यंत्राने सपाट करण्याऐवजी घर पायऱ्यापायऱ्यांनी बसविले, तर माती कमी हलते, झाडे वाचतात आणि ओहोळाची वाटही मोडत नाही. वर्षातून वीस दिवस वापरायच्या घराला आठ खोल्या कशासाठी, हा प्रश्न परिग्रह-परिमाणाचा आहे.

उघड्या घरात किडे-डास येतात, ही तक्रार खरी. त्यासाठी खिडक्यांना बारीक जाळ्या हव्यातच. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबात रात्री दिवेही कमी लागतात, हा चौविहाराचा अनपेक्षित लाभ.

पाण्याचे गणित सोपे आहे. शंभर चौरस मीटर छपरावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी मिळते. गळती वजा करून ऐंशी हजार धरावे. अहमदाबादच्या पोळांमधील जुन्या घरांत यासाठी चौकाखाली टाके असे. नव्या घरात टाक्याची जागा पाया खोदण्यापूर्वीच ठरवावी. नंतर ओसरी फोडावी लागते.