चार सॅक्सोफोन आणि उखळातली चेटकीण

जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत बँडमधला सॅक्सोफोन आपण सर्वांनी ऐकला आहे. तोच सॅक्सोफोन लोककथेतली चेटकीणही उभी करू शकतो, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. हा विषय नुसत्या संगीताचा नाही, म्हणून आज त्यावर लिहीत आहोत.

रशियन चित्रकार व वास्तुविशारद व्हिक्टर हार्टमान १८७३ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी वारला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. ते पाहून त्याचा मित्र, संगीतकार मोदेस्त मुसोर्गस्की याने पियानोसाठी ‘प्रदर्शनातील चित्रे’ ही रचना लिहिली. तिच्यातला एक भाग बाबा यागावर आहे. रशियन लोककथांतली ही म्हातारी कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहते, उखळात बसून उडते आणि मुसळाने दिशा देते. हार्टमानने त्या झोपडीच्या आकाराचे फक्त एक घड्याळ रेखाटले होते. संगीतकाराने त्यातून चेटकिणीला आकाशात उडवले.

१९२२ मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलने ही रचना वाद्यवृंदासाठी बसवली आणि तिच्यातल्या ‘जुना किल्ला’ या भागाची धून आल्टो सॅक्सोफोनला दिली. पुढे तर ही रचना केवळ चार सॅक्सोफोनवरही वाजू लागली.

हे चौघे म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन. बॅरिटोनचा खर्ज झोपडीचे जड पाय आपटतो, सोप्रानो वर किंचाळतो, मधले दोघे पाठलाग करतात. रीडवर जिभेचा फटका मारला की ठक्कन आवाज येतो, सूर न काढता नुसती फुंकर घातली की वारा ऐकू येतो. मधेच सगळे मंदावते, दबा धरून बसल्यासारखे. मग चेटकीण पुन्हा झेपावते. वाद्य गळ्यात अडकवलेले असल्याने वादकांना चालता येते, एकमेकांच्या अंगावर धावून जाता येते. मैफलीचे नाटक होते ते असे.

हे भय आपण मजेने अनुभवतो, कारण ते खोटे आहे हे वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असते. पण गावात एखाद्या एकट्या बाईला ‘करणी करते’ म्हणून बोट दाखवले जाते, तेव्हा ते नाटक नसते. तिला मारहाण होते, वाळीत टाकले जाते, कधी तिच्या जमिनीवर डोळा असतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे मुश्किल करणे हा या कायद्याने गुन्हा आहे.

मग लोककथांतली भुते टाकून द्यायची का? आम्हाला तसे वाटत नाही. सुत्तनिपातात आळवक यक्ष तथागतांना धमकावतो, प्रश्न विचारतो. तथागत घाबरत नाहीत, उत्तरे देतात. कथेतल्या यक्षाकडे न घाबरता पाहणे हीच आपली परंपरा आहे.

आंबेडकरी जलशांनी गाण्यातून आणि सोंगातून प्रबोधन केले. वस्त्यांतल्या बँडवाल्यांकडे सॅक्सोफोन आहे, दम आहे, सराव आहे. करणीच्या नावाखाली छळल्या गेलेल्या बाईची गोष्ट त्यांच्या वाद्यांतून का सांगू नये? मुसोर्गस्कीच्या रचनेत चेटकिणीचा भाग न थांबता थेट शेवटच्या भागात शिरतो. तो शेवटचा भाग एका भव्य दरवाजाचा आहे. हार्टमानने त्याचा आराखडा काढला होता, पण तो दरवाजा कधी बांधला गेला नाही. आपला बांधायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.