औषध आणि विष : विषशास्त्राची ओळख

आपल्या बारामती-इंदापूर भागात 'औषध' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ताप आला की औषध घ्यायचे आणि डाळिंबावर रोग पडला की औषध मारायचे. मेडिकलमध्ये मिळते तेही औषध आणि कृषी सेवा केंद्रात मिळते तेही औषधच. अमक्याने 'औषध घेतले' असे कुणी दबक्या आवाजात सांगितले, तर ऐकणाराला तिसरे काही विचारावे लागत नाही. या दोन अर्थांमधील सीमारेषा कोठे आहे, हे शिकविणारे शास्त्र म्हणजे विषशास्त्र, अर्थात टॉक्सिकॉलॉजी. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून. तथापि घरातील मुले फार्मसीला गेल्यामुळे त्यांची पुस्तके चाळली, न कळले ते त्यांनाच विचारले, आणि हा विषय सभासदांपर्यंत व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावा असे वाटले.

बी. फार्म.च्या सध्याच्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रातील फार्माकॉलॉजीच्या पेपरात विषशास्त्राची मूलतत्त्वे येतात. डी. फार्म.च्या १९९१ च्या अभ्यासक्रमात तर पेपरचे नावच 'फार्माकॉलॉजी आणि टॉक्सिकॉलॉजी' असे होते. बी. फार्म.ला हा भाग शेवटी येतो, त्याला गुण थोडे असतात. म्हणून बरेच विद्यार्थी तो ऑप्शनला टाकतात. आमचे सांगणे एवढेच, की गावात दुकान टाकणाऱ्या फार्मासिस्टला हाच भाग सर्वांत अगोदर उपयोगी पडतो.

या शास्त्राचा पाया सोळाव्या शतकातील पॅरासेल्सस या वैद्याने घातला. कोणताही पदार्थ विष ठरतो की नाही, हे त्याच्या मात्रेवर अवलंबून असते, असा त्याचा सिद्धान्त होता. आपल्याकडे 'अति तेथे माती' म्हणतात ते हेच. मात्रा मोजण्यासाठी 'एलडी-५०' हे माप वापरतात. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात, ती ही मात्रा. हा आकडा जितका लहान, तितके विष जहाल. व्याजदर पाहण्याची सवय असलेल्यांनी हे उलटे गणित ध्यानात ठेवावे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, तो याच मापावरून ठरतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. त्याची पोटातून जाणारी ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असते. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा क्रम लागतो. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज मात्र करून घेऊ नये.

विषबाधा दोन प्रकारांनी होते. एकदम मोठी मात्रा गेली की तीव्र विषबाधा. थोडे थोडे विष अनेक दिवस जात राहिले की दीर्घकालीन विषबाधा. हा दुसरा प्रकार आवर्ती ठेवीसारखा आहे. शिसे शरीरात गेले की हाडांत साठत राहते. रोज काही जाणवत नाही, पण खाते वाढतच असते आणि त्रास सुरू होतो तेव्हा शिल्लक फार झालेली असते. शिसे, पारा व आर्सेनिक हे तिन्ही अभ्यासक्रमात आहेत ते यासाठीच.

आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा धडा ऑरगॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशकांचा. आपल्या मज्जातंतूंमधून ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाद्वारे निरोप जातो. निरोप पोहोचला की कोलिनएस्टरेज हे विकर त्या रसायनाचा निचरा करते. ही कीटकनाशके त्या विकरालाच निकामी करतात, त्यामुळे निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, बुबुळातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, छातीत स्राव भरून श्वास कोंडतो. ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्झाइम ही त्यावरील औषधे रुग्णालयातच द्यावयाची असतात.

हे विष केवळ तोंडावाटे जात नाही. कातडीतून व श्वासातूनही जाते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत पाठीवर पंप घेऊन फवारणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो. बाग दुसऱ्याची, पण अंगावर उडणारे थेंब त्याचे स्वतःचे. डब्यावरील बारीक अक्षरे त्याला कुणी वाचून दाखवीत नाही. मुलगा किंवा मुलगी फार्मसीला असेल, तर हे वाचून दाखविण्याचे काम प्रथम त्यांचे आहे.

आता मेडिकलमधील औषधाकडे वळू. पॅरासिटामॉल घराघरात असते. प्रौढ माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो व ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनची शिल्लक संपते व यकृताची हानी सुरू होते. पहिल्या दिवशी रुग्ण ठीक दिसतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. ॲसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचे औषध पहिल्या ८ तासांत सर्वांत चांगले काम करते. सर्दीच्या व अंगदुखीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. एकच औषध दोन नावांनी घेतले जात आहे, हे काउंटरवरच्या फार्मासिस्टलाच ओळखता येते.

फार्मासिस्टच्या जबाबदारीचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे रसायन मिसळलेले होते. दिसायला व चवीला दोन्ही सारखीच. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील दोष उघड झाले. त्यानंतरही २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात याच रसायनाने दूषित खोकल्याच्या औषधामुळे अनेक लहान मुले दगावली. साखळीतील एका माणसाने जरी नेटकी तपासणी केली, तरी असे मृत्यू टळू शकतात.

सर्वांनी लक्षात ठेवावे असे थोडे. कीटकनाशकाची बाधा झाल्यास माणसाला मोकळ्या हवेत न्यावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे. मदत करणाराने आपल्या हातांनाही ते लागू देऊ नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. डबा किंवा त्याचे लेबल घेऊन लगेच रुग्णालय गाठावे, कारण विषाचे नाव व उतारा त्यावर छापलेला असतो. रिकाम्या डब्यात पाणी वा तेल कधीही ठेवू नये.

या विषयात पुढे वाटाही आहेत. पुण्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत व्हिसेरा तपासला जातो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षांतील कीटकनाशकांचे अवशेष मोजले जातात. अन्न व औषध प्रशासनात औषध निरीक्षकाची पदे असतात आणि नवे औषध माणसांवर तपासण्याआधी त्याची विषारकता अभ्यासावीच लागते. परंतु यातील एकही नोकरी मिळाली नाही आणि गावात लहानसे मेडिकल टाकले, तरी हे ज्ञान वाया जात नाही. गिऱ्हाईक 'औषध द्या' एवढेच म्हणते. किती घ्यावे, कशाबरोबर घेऊ नये आणि कोणाला मुळीच देऊ नये, हे सांगणारा त्या वेळी समोर असला पाहिजे. विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, म्हणून हा धडा ऑप्शनला टाकू नका.