इसाराचा व्यवहार

उदगीरच्या मोंढ्यात दोन प्रकारचे लोक उलाढाल करतात. आडत्या दुसऱ्याचा माल विकून देतो आणि आपली आडत घेतो. व्यापारी तोच माल स्वतःच्या पैशाने घेऊन नफातोटा स्वतः सोसतो. घरे आणि भूखंड यांच्या बाजारात या दोघांच्या मध्ये उभा राहणारा एक तिसरा मनुष्य असतो. तो जागा विकत घेत नाही आणि निव्वळ दलालीही करीत नाही. मालकाशी किंमत ठरवून तो इसार देतो व त्या करारातील आपला हक्क दुसऱ्या गिऱ्हाइकास देऊन मधला फरक मिळवितो.

उदाहरणार्थ, एका भूखंडाची किंमत 9 लाख रुपये ठरली. मध्यस्थाने 50 हजारांचा इसार देऊन तीन महिन्यांच्या मुदतीचे साठेखत केले. मुदतीच्या आत 10 लाखांस घेणारा मिळाला, तर मूळ मालक त्या गिऱ्हाइकाच्याच नावे खरेदीखत करून देतो, मध्यस्थ संमती देणारा म्हणून सही करतो आणि फरकाचे लाख रुपये त्यास मिळतात. याकरिता 'खरेदीदार सांगेल त्याच्या नावे खरेदीखत करून देईन' हे कलम साठेखतात आधीच लिहून घेतलेले बरे. इसार धनादेशाने द्यावा. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास 2015 पासून मनाई आहे.

परंतु या मनुष्याच्या हाती जागा नसून केवळ करार असतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मुखत्यारपत्रावर व साठेखतावर मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 साली स्पष्ट सांगितले. उलटपक्षी, गिऱ्हाईक न मिळाल्यास इसार बुडतो, इतक्यावरच संकट थांबत नाही. करार पुरा करून मागण्यास मालक दिवाणी न्यायालयातही जाऊ शकतो. तेव्हा जितकी जबाबदारी पेलवेल, तितक्याच रकमेचा करार करावा.

यास्तव नवशिक्याचे खरे भांडवल म्हणजे कागदांची पारख होय. उदगीरकडे तर ती विशेष लागते. हा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात, नंतर उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि 1982 पासून लातूर जिल्ह्यात आहे. त्यामुळे जुन्या मिळकतीचा शोध घेताना उर्दू कागद वाचवून घेण्याचा प्रसंग येऊ शकतो. सातबारा व फेरफार पाहावेत; जमीन वर्ग 2 ची किंवा इनामी आहे काय, 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याचे निर्बंध तिला लागू आहेत काय, बिनशेती वापर रीतसर आहे काय, आणि सर्व वारसांची संमती आहे काय, याची खात्री करावी. बहिणीचा हिस्सा विसरून केलेले साठेखत पुढे हमखास कज्जास कारण होते. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातील भूखंड विकून देणाऱ्या मध्यस्थाने 2016 च्या कायद्यान्वये महारेराकडे नोंदणी केली पाहिजे.

आता राहिला मालकाचा प्रश्न. घाईने जागा विकणारा बहुधा अडचणीत असतो. कोणाकडे लग्न असते, कोणाकडे आजारपण असते. अशा मनुष्यास समोरचा आपली जागा स्वतःसाठी घेत आहे असे वाटले, आणि तीन महिन्यांनी गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणून व्यवहार मोडला, तर इसार हाती राहूनही त्याचे लग्न वा औषधपाणी अडून राहते. म्हणून 'ही जागा मी दुसऱ्यास देणार आहे व फरक माझा राहील' हे वाक्य मध्यस्थाने पहिल्याच भेटीत उच्चारावे, आणि लेखातही घालावे. ते ऐकून जो मालक नकार देईल, त्याचा व्यवहार सोडून द्यावा. लहान गावात एका मोडलेल्या इसाराची वार्ता आठवडी बाजाराच्या दिवशी सर्वत्र पोहोचते, आणि त्यानंतर त्या मनुष्याच्या हातून इसार घेण्यास कोणी धजत नाही.