'सेल': खोली, घट की पेशी?

औरंगपुऱ्यातील दुकानात 'दोन सेल द्या' म्हटले की दुकानदार बॅटरीचे सेल काढून देतो. जवळच्याच एखाद्या शाळेत शिक्षक कांद्याच्या पापुद्र्यातील 'सेल' दाखवत असतात. तुरुंगातील कोठडीही 'सेल'च. मराठीत आपण घट, पेशी, कोठडी असे निरनिराळे शब्द वापरतो. इंग्रजीत एकाच शब्दावर भागते. असे का?

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तेथे त्याचा अर्थ लहान खोली किंवा कोठार असा होता. पुढे ख्रिस्ती मठातील साधूच्या खोलीला 'सेल' म्हणू लागले. अशी खोली पाहण्यासाठी युरोपात जायला नको. अजिंठ्याचे १२ क्रमांकाचे लेणे आठवा. मध्ये चौकोनी दालन, तीन बाजूंना प्रत्येकी चार खोल्या आणि खोलीत दगडी ओटे. भिक्षूंच्या या खोल्यांना पुरातत्त्वाच्या इंग्रजी पुस्तकांत 'सेल'च म्हणतात.

रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला अशाच ओळीने मांडलेल्या रिकाम्या खोल्या दिसल्या. एका घन इंचात त्या सुमारे १२६ कोटी असाव्यात, असा हिशेबही त्याने केला. पण बूच ही मृत ऊती. राहणारा निघून गेला होता, भिंती तेवढ्या उरल्या होत्या. १८३९ साली श्वान याने प्राण्यांचे शरीरही सेलचेच बनलेले असल्याचे मांडले. प्राण्यांच्या सेलला भिंत नसते; तरी नाव खोलीचेच राहिले.

आपल्या 'पेशी'ची कथा नेमकी उलटी आहे. आयुर्वेदात पेशी म्हणजे मांसाचा स्नायू. सुश्रुतसंहितेत शरीरातील ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्या याच अर्थाने. मराठी विश्वकोशाने 'कोशिका' हा शब्द घेतला. तो खोलीच्या कल्पनेला अधिक जवळचा आहे. म्हणजे इंग्रजी शब्दात नुसत्या भिंती, तर मराठी शब्दात नुसते मांस!

याचा परिणाम वर्गात दिसतो. कांद्याच्या पेशी पाहून विद्यार्थी पेशी म्हणजे चौकट असे धरून चालतो. म्हणून त्याच तासाला गालाच्या आतील पेशीही मिथिलीन ब्ल्यूने रंगवून दाखवाव्यात. चौकट नाही, पण केंद्रक आहे, हे विद्यार्थ्याने स्वतः पाहिले, की नावाने झालेला गैरसमज आपोआप दूर होईल.